चार वाजताचा दुसरा ठिपका

२०४३ सालच्या मे महिन्यात आबांच्या सांगलीतल्या फ्लॅटमध्ये रोज दुपारी चार वाजता दोन माणसे असत. निदान पुण्यात शर्वरीच्या आईच्या फोनवर, घरात कोण कुठे आहे ते दाखवणाऱ्या नकाशावर, तसे दोन ठिपके दिसत. आबा मात्र म्हणत, कोणी येत नाही.

आई घाबरली. वडील काही लपवतात, नाहीतर कोण येऊन गेले तेच विसरतात. रविवारी त्यांना कायमचे पुण्याला आणायचे, असे तिने ठरवले आणि सुट्टीसाठी सांगलीला गेलेल्या अकरा वर्षांच्या शर्वरीला लक्ष ठेवायला सांगितले. ती आल्यापासून दुसरा ठिपका दिसेनासा झाला.

घरात कॅमेरा नव्हता. मग ठिपके उमटतात कसे? आबा पोलिसांच्या बिनतारी विभागातले निवृत्त अभियंते. त्यांनी सांगितले, की राउटर (घरभर इंटरनेटच्या लहरी पसरवणारी पेटी) लहरी सोडतो. त्या भिंतींवर, माणसांवर आदळून परावर्तित होतात (परत फिरतात). माणूस हलला की त्यांची वाट बदलते. कोपऱ्यांतले ग्राहक (लहरी टिपणारी यंत्रे) तो बदल मोजून माणसाची जागा ठरवतात. सतत फिरणारा पंखा यंत्र ओळखते आणि सोडून देते. स्वस्थ बसलेल्याचा श्वासही वेगळा नोंदला जातो, कारण छाती किंचित वरखाली होते.

शर्वरीने मागच्या नोंदी उघडल्या. दुसरा ठिपका दारातून येतच नव्हता. हॉलच्या मध्यावर उगवायचा आणि फिका पडत तिथेच मावळायचा. त्याला श्वास नव्हता. हॉलच्या मध्यावर झोपाळा होता.

“आबा, तुम्ही रिकामा झोपाळा हलवता?”

आबा चष्मा पुसत राहिले. रिकामा झोपाळा हलवू नये, असे आजीच त्यांना दटावायची. चाळीस वर्षे चारचा चहा दोघांनी त्यावर घेतला. ती गेल्यावर ते समोरच्या खुर्चीत बसत, एक झोका देत आणि कड्यांची कुरकुर थांबेपर्यंत चहा पुरवत. शर्वरी आल्यापासून मात्र तिच्यासमोर ते टाळत होते.

“तुझ्या आईला सांगितलं असतं, तर म्हणाली असती, म्हातारा भ्रमिष्ट झाला.”

“झालात का?”

“चहात साखर दोनदा घालतो. तेवढाच.”

धातूवरून लहरी जोरात परततात, म्हणून झोपाळ्याच्या हलत्या पितळी कड्या यंत्राला माणूस वाटल्या. हालचालीला श्वासाची जोड दिली की ही चूक टळेल, आबा म्हणाले. आणि उद्या ढिगाऱ्याखाली अडकलेला जिवंत माणूसही श्वासावरून लवकर सापडेल.

शर्वरीने फोनवर आईला सगळे सांगितले.

“रविवारी येतेच,” आई म्हणाली. “न्यायला नाही. चहाला.”