अर्धओलं पाचट

इंदापूरची एसटी बारामतीच्या स्टँडवर लागली आणि तिच्यातून एक लाकडी खोकं उतरलं. म्हणजे उतरला माणूसच. पण त्यानं ते खोकं असं काही कवटाळलं होतं की माणूस शोधावा लागत होता. माळेगावच्या गाडीची वाट बघत उभ्या दिपालीनं सहज त्याच्याकडं पाहिलं आणि तिच्या काळजात धस्स झालं. खोक्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं, ‘ही बाजू वर’. आणि ते अक्षर तिचं स्वतःचं होतं.

“माळेगावची गाडी कुठं लागती हो?” खोक्यामागून आवाज आला. मग चेहरा आला. सावळा, घामेजलेला आणि... खोटं कशाला बोला, जरा बघत राहावं असा.

“हितंच. माळेगावात कुणाकडं जायचंय?” तिनं विचारलं. खरं तर विचारायची काही गरज नव्हती.

“मानसिंगआबांकडं. कारखान्यात मीटर बघायचे ते. त्यांचा जुना स्कोप मी घेतला. पण इंदापूरला पोचस्तवर पार वाट लागली हो त्याची.”

“मी त्यांचीच मुलगी.”

तो इतका दचकला की खोकं हातातून निसटलंच. दोघांनी एकदम हात घातला. तिची बोटं त्याच्या बोटांखाली अडकली... आणि सोडवून घ्यायची घाई दोघांनीही केली नाही.

त्याचं नाव शंभूराज. गाव निमगाव केतकी, आणि इंदापुरात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान. स्कोप म्हणजे विजेची लहर पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र. आबांचा होता तो ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या वॉल्व्हच्या जमान्यातला, लोखंडी, उचलताना घाम काढणारा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर आबांनी तो द्यायचं ठरवलं. “चालता ठेवणाऱ्यालाच देणार,” एवढीच त्यांची अट होती. तो खोक्यात भरून टेम्पोनं पाठवायचं काम मात्र दिपालीकडं होतं.

माळेगावच्या गाडीत शंभूराज तिच्या शेजारी बसला, खोकं दोघांच्या पायांशी. “पॅकिंग मात्र एक नंबर हां. तुमीच केलं?”

“...हं.”

“त्यात काय खोट न्हाय. त्या बिरू ड्रायव्हरनंच आपटला असणार. मी त्याच्या मालकाला सांगितलंय. मालक म्हणला, आबांकडनं खात्री करून या, मग सोमवारपासनं त्याला गाडीवर चढू देत न्हाय.”

दिपालीनं तोंड खिडकीकडं वळवलं. दोन्ही बाजूंना ऊस होता, मधेच तोडणी झालेले रिकामे फड. त्या फडांकडं बघवत नव्हतं तिला.

“सारखं भाईरच बघताय. उसात काय हरवलंय का?” शंभूराजनं हळूच विचारलं.

“तुमी सारखं माझ्याकडं बघताय. तुमचं काय हरवलंय?”

तो कानापर्यंत लाल झाला. एरवी दिपाली पोट धरून हसली असती. आज तिला हसू आलंच नाही.

घरी आबा ओसरीवर बसले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. ऑपरेशनला आठवडाही झाला नव्हता. वाकायचं नाही, ताण घ्यायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. त्यांनी खोक्यावरून हात फिरवला, शंभूराजला ते जरा हलवायला लावलं आणि आतला खडखडाट ऐकून तोंड कडू केलं.

शंभूराज म्हणाला, “आबा, दोनच वाटा हायत. दुरुस्त करायचा, न्हाय तर मोडीत काढायचा. ह्याचे वॉल्व्ह जुन्या रेडिओंना चालतील. बटण दाबायचं धाडस काय झालं न्हाय मला. आत काय तुटलं असंल आणि करंट दिला, तर पडद्याची नळीच जायची. ती आता कुठं मिळत न्हाय.”

“माझ्या हाताखाली पोरगीच तयार झालीय,” आबा म्हणाले. “दिपा, तूच सांग. दुरुस्ती का मोड?”

आली का पंचाईत! मोडीत काढा म्हणाली असती तर सगळं मिटलं असतं. वॉल्व्ह काढून घ्यायला कुणी बारकाईनं आत बघत नाही. स्कोप गेला असता, बिरूचं काम गेलं असतं, आणि हा शेजारी बसलेला माणूस तिच्या पॅकिंगचं कौतुक करत इंदापूरला परतला असता. दुरुस्तीला घेतलं, की मात्र पहिला प्रश्न येणार: हे बिघडलं कशानं?

आबांचा हात अजून त्या खोक्यावरच होता.

“दुरुस्ती,” ती म्हणाली.

पेचकस फिरले, झाकण निघालं. आत ट्रान्सफॉर्मर धरून ठेवणारी पट्टी वाकली होती. पडद्याची नळी शाबूत होती, पण स्क्रूंवर तांबूस गंज चढला होता, आणि ट्रान्सफॉर्मरवर गुंडाळलेल्या कागदावर पांढरी बुरशी.

“पावसात भिजवला का काय बिरूनं!” शंभूराज भडकला. “थांबा, आजच मालकाला—”

“माघात कुठला आलाय पाऊस?” दिपाली म्हणाली. मग तिनं डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. “बिरूनं काय केलं न्हाय. मी केलं. आमच्यात मडकी असू द्या, अंडी असू द्या, सगळं उसाच्या पाल्यात, पाचटातच भरत्यात. पण त्या दिवशी वाळलेलं पाचट संपलं व्हतं. मी तोडणीच्या फडातनं ताजं आणलं, अर्धओलं. हाताला गार लागलं... तरी ठासून भरलं. खोकं टेम्पोवाल्याच्या खोलीत आठ दिवस पडलं. ओल यंत्रात गेली आणि पाचट वाळून आखडलं. मग वाटेत सगळं मोकळंच हिंदकळलं. स्टँडवर खोकं बघितलं तवाच कळलं मला. तरी गाडीत गप बसले.”

शंभूराज हळूहळू उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

“त्या बिरूला मी इंदापूरच्या स्टँडवर चार लोकांत वाटंल ते बोललो,” तो म्हणाला. “त्याला बारकी पोरं हायत.”

स्कोप आणि समोर आलेला चहा तसाच टाकून तो गेला. जाताना त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

दिपाली खांबाला धरून उभी राहिली. आबा म्हणाले, “सांगितलंस ते बरं केलंस. आता आत बल्ब ठेव आणि ओल काढ.”

खोक्यात साठ वॅटचा बल्ब लावून ती तीन दिवस त्या ऊबेची राखण करत बसली. पट्टी सरळ केली, गंज घासला, सुटलेल्या तारा डाख लावून जोडल्या. गाडीचा आवाज आला की उठायची, गाडी पुढं गेली की बसायची. जेवणाकडं लक्ष नाही, आरशाकडं मात्र दोनदोनदा. तो येणार नाही हे ती स्वतःला पटवत होती, आणि पटत काही नव्हतं. बिरूचं काय झालं असेल? आणि शंभूराजनं आपल्याला माफ केलं असेल का... का आपण त्याच्या मनातून कायमच्या उतरलो?

रविवारी दुपारी दारात टेम्पो थांबला. चालवत होता बिरू आणि शेजारी शंभूराज.

दिपाली धावतच बाहेर गेली आणि बिरूपुढं हात जोडले. “बिरूदादा, माझी चूक तुमच्या अंगावर आली.”

बिरू अवघडला. “आवं ताई, हात कशाला जोडताय? शंभूशेठनी मालकाच्या दारात सगळ्यांम्होरं सांगितलं, बिरूचा दोष न्हाय म्हणून. माझी गाडी माझ्याकडंच हाय.”

शंभूराज अजून तिच्याशी बोलला नव्हता. तो सरळ आतल्या खोलीत स्कोपपाशी गेला. “सिरीजला लावून बघायचा?”

सिरीज म्हणजे यंत्राच्या वायरीत मधे एक साधा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो. ठीक असेल तर एकदा चमकतो आणि मंद होतो. दिपालीनं बटणावर बोट ठेवलं. शंभूराजनं न विचारता आपलं बोट तिच्या बोटावर ठेवलं आणि दोघांनी मिळून बटण दाबलं.

बल्ब लख्खकन पेटला. एक क्षण... दोन क्षण... मग बल्ब हळूहळू मंदावला, वॉल्व्ह लालसर झाले, आणि पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली. आधी वाकडी, मग सरळ.

“काय दिसतंय रे?” आबा खुर्चीतून ओरडले.

“रेघ, आबा! रेघ दिसती!” दिपाली म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

आबा बिरूला घेऊन ओसरीवर गेले. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. शंभूराज स्कोपशेजारी उभाच राहिला.

“न्या की,” दिपाली खाली बघत म्हणाली. “चालतोय आता.”

“चालतोय म्हणूनच भ्या वाटतंय. आता हितं यायला काय निमित्त उरलं?”

“निमित्त लागतंयच व्हय?”

त्यानं मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याची नजर तिच्यावर थांबली. “मग पुढच्या रविवारी आईला घेऊन येऊ?”

आई येणार म्हणजे काय, हे आपल्याकडं सांगावं लागत नाही. दिपालीला आनंद झाला होता, खूप झाला होता. पण गेले तीन दिवस तिला पोखरणारी गोष्ट अजून तिथंच होती.

“आणा. पण... मी काय केलं, ते आधी त्यांना सांगा. मागनं कळायला नको.”

“सांगितलं.”

“कधी?”

“हितनं गेलो त्याच दिवशी. रागातच सांगितलं, सगळं.”

“मग... काय म्हणाल्या?”

शंभूराज ओशाळल्यासारखा हसला. “मलाच झापलं. म्हणाली, ‘कुणाला ठाऊक नसताना तिनं आपणहून कबूल केलं, आणि तू चहा टाकून निघून आलास? आधी त्या बिरूचं निस्तर. मग पोरीला इचारून ये, ती तुझ्यासारख्याला पसंत करती का.’”

दिपालीनं पदरात तोंड लपवलं. रडत होती की हसत होती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“सांग की,” शंभूराज म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीवर आला. “घरी गेल्या गेल्या आई इचारणार हाय.”

“सांगा त्यांना,” ती म्हणाली, “पसंत हाय म्हणावं.”