खाणीच्या फाट्यावर

आमची ओळख झाली ती त्याने माझं फितींचं रीळ पायाने उडवलं म्हणून. काकांच्या डोंगरी शर्यतीचा मार्ग आखायचं काम माझ्याकडे. बरोबर वाटेवर झाडाला केशरी फीत, चुकीच्या वाटेवर चुन्याची आडवी रेघ. पायथ्याशी मी फीत बांधत होते, रीळ उतारावरून पळत सुटलं आणि तो त्याच्यामागे.

"सॉरी... मी वाट बघायला आलो होतो," तो धापा टाकत म्हणाला.

"कुणाची?"

"शर्यतीची." मग कानापर्यंत लाल होत, "म्हणजे... आत्तापर्यंत तरी तिचीच."

तो दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचा आणि संध्याकाळी फोनवर स्वतःचं मिटायचा नाही. डोंगरावर रेंज येते ती एकाच ठिकाणी, खाणीच्या फाट्यावर. काल शेवटच्या फिती बांधताना तिथेच त्याचा फोन आला. मी हसत राहिले, बोलत राहिले, आणि फोन ठेवल्यावर त्याच नादात पुढे चालत गेले.

आज काकांनी त्यालाच वाट तपासायला पाठवलं. "हिला रस्ता पाठ आहे, हिला चुका दिसणार नाहीत. नवख्या माणसाने फक्त फिती बघून पळायचं," हा त्यांचा दरवर्षीचा नियम. "डॉक्टर, डोकं अजिबात वापरायचं नाही!"

"काळजी नको काका," माझ्याकडे बघत तो म्हणाला, "गेला आठवडा तसाच चाललाय."

मी तोंड फिरवून हसले. तो झाडीत दिसेनासा झाला, आणि थोड्याच वेळात डोंगरावरून धुकं उतरायला लागलं.

सामान आवरताना मी चुन्याची पिशवी उचलली. ती हाताला जड लागली. इतका चुना उरलाच कसा? मी डोळे मिटून एकेक वळण आठवत गेले... आणि फाट्यावर येऊन थबकले. उजवीकडे फीत बांधलेली आठवत होती. डावीकडची रेघ काही केल्या आठवेना. डावीकडचा रस्ता ट्रकचा, चांगला रुंद, आणि तो सरळ जुन्या खाणीच्या कड्यावर जाऊन संपतो. या धुक्यात त्याला उजवीकडची फीत दिसणारही नव्हती.

"काका, फाट्यावर मी रेघ मारलीच नाही."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "तू पायवाटेने जा. मी दोर घेऊन गाडीने येतो."

चुन्याची पिशवी आणि रीळ घेऊन मी धावत सुटले. दोनदा घसरले, गुडघा फुटला, फोन लागत नव्हता. फाट्यावर ओल्या मातीत बुटांचे ताजे ठसे होते. सगळे डावीकडे वळलेले.

"डॉक्टर! अहो डॉक्टर!"

धुक्यात माझाच आवाज विरून गेला. मग कुठेतरी दगड घरंगळला आणि बऱ्याच वेळाने खाली पाण्यात पडला.

"अरे, ओ दे ना!"

"पुढे येऊ नकोस..." आवाज त्याचाच होता, पण केवढासा. "इथली खडी सरकतेय."

तो कड्याजवळ पालथा पडून होता. जरा हलला की खडी सुटायची. मी पोटावर झोपले आणि रीळ त्याच्याकडे सोडलं. "फीत धर."

"ही माझं वजन पेलणार आहे?"

"वजनासाठी नाही. मी कुठे आहे ते कळायला. हळूहळू सरक."

तो सरकला आणि थांबला. "बोलत राहा," म्हणाला. "तू गप्प झालीस की भीती वाटते."

म्हणून मी बोलत राहिले. चूक माझी, तुझ्याशी बोलण्याच्या नादात रेघ राहिली, तुला काही झालं असतं तर... पुढचं वाक्य माझ्याच्याने पुरं होईना. तोवर त्याची बोटं माझ्या हाताला लागली. मी मनगट असं आवळलं की तो कळवळला.

फाट्यावर परत आलो आणि मी आधी काकांना फोन केला; ते अजून खालच्या रस्त्यावरच होते. मग रेघ मारायला घेतली. ती नागमोडी आली. तो म्हणाला, "उद्या शर्यत पळणार मी."

"पळ. मी दिवसभर इथेच उभी राहणार आहे."

"आणि शर्यत संपल्यावर?"

"त्यानंतरही!" मला एकदम रडूच फुटलं. "तुला एकट्याला कुठे सोडायची हिंमतच राहिलेली नाही माझ्यात... कळतंय का तुला?"

मी भांडायच्याच सुरात बोलले होते. त्याला मात्र बरोबर कळलं; त्याने माझा हात धरला. खालून काकांच्या गाडीचा आवाज येत होता, तरी त्याने हात सोडला नाही. मीही नाही.