कॉफीच्या पाण्यातला फोटो

"अक्का, हाताला कायतरी मलम द्या…"

हुलसूरच्या मेडिकल दुकानात बसलेल्या विजयश्रीनं मान वर केली. समोर एक उंच, सावळा तरुण. बोटांची कातडी भेगाळून लाल झालेली.

"अक्का म्हणायला मी काय तुमच्या घरची हाय?"

"मग काय म्हणू?"

"आधी हाताला काय झालं ते सांगा."

त्याचं नाव संगमेश. वडलांच्या मागं त्यांचा फोटो स्टुडिओ चालवायचा. गिऱ्हाइकाला रंगीत फोटो मशीनवर काढून द्यायचा, पण वडलांची अंधारी खोली आणि जुन्या कागदांचे डबे त्याला सोडवत नव्हते. काळे-पांढरे फोटो धुवायचं औषध तो स्वतःच पावडरी मिसळून करायचा. त्यातली एक पावडर हाताला सोसत नव्हती, तरी हा थांबत नव्हता.

विजयश्रीनं रात्री मोबाइलवर शोधाशोध केली. चार दिवसांनी तो परत आला, तेव्हा तिनं पुडा पुढं सरकवला.

"विटामिन सीची पावडर, धुण्याचा सोडा आणि कॉफी. ह्यानंबी फोटो उमटतो म्हणे."

"कॉफी? प्यायची का फोटो धुवायचा?"

"अर्धी पिऊ की…" ती बोलून गेली, आणि मग तिनं जीभ चावली.

मग दुपारी दोनच्या जेवणाच्या सुट्टीत ती स्टुडिओत जाऊ लागली. कोमट पाण्यात सोडा विरघळवायचा, पावडर टाकली की फसफसायचं, शेवटी कॉफी. वास असा सुटायचा की दोघंही नाक धरून हसायचे. लाल दिव्याखाली ट्रे हलवताना खांद्याला खांदा लागायचा… आणि दोघांपैकी कुणीच बाजूला सरकायचं नाही.

"विजू, तू आलीस की हात दुखायचे थांबतात."

"ते मलमामुळं."

"व्हय का? मग मलम संपू देऊ नको."

माघात एका सकाळी दुकानात एक बाई आली. कपाळावर विभूती, हसरा चेहरा. संगमेशची थोरली बहीण, बसव्वा.

"माझ्या भावाला मलम तुम्हीच दिलंत न्हवं? लई गुण आला बघा. अजून एक द्या. पुढल्या महिन्यात त्याचं लगीन हाय, माझ्याच लेकीसंगं, शैलश्रीसंगं. आमच्यात पोरगी मामालाच देत्यात. भाऊ होता, आता जावई व्हायलाय!"

विजयश्रीनं मलम कागदात गुंडाळून दिलं. सुटे पैसेही बरोबर दिले.

दोन वाजता ती स्टुडिओत गेली. लाल उजेडात संगमेश ट्रेवर वाकला होता. कागदावर तिचाच चेहरा हळूहळू वर येत होता. आधी भुवया, मग डोळे…

"कामून सांगितलं न्हाईस?"

त्याला विचारावं लागलं नाही, कशाबद्दल ते.

"मी बारा वर्षांचा होतो, तवाच ठरलं. वडील गेले, भावजीबी गेले, अक्कानं लोकांच्या शेतात खुरपून मला शिकवलं. तिला न्हाई कसं म्हणू, विजू?"

"आन् मला म्हणायला जमतंय?"

"तू आवडतीस मला. आण घेऊन सांगतो, दुसरं कुणीच…"

"मग चल. आत्ता अक्काकडं जाऊ. मी बोलते, तू नुसता माझ्या शेजारी उभा ऱ्हा."

तो ट्रेकडं बघत राहिला. पाणी डुचमळायचं थांबलं. ती वाट बघत होती… त्याचं एक पाऊल पुरलं असतं तिला.

"फोटो… अजून अर्धं मिनिट," तो पुटपुटला.

विजयश्रीनं पडदा बाजूला ओढला आणि दार सताड उघडलं. दुपारचं ऊन थेट ट्रेवर पडलं.

"विजू! काळा पडल!"

"पडू दे. माझा फोटो कुठं लावणार होतास तू?"

त्यानं दोन्ही हातांनी कागद झाकायला बघितलं. त्याच्या बोटांच्या फटींतून तिचे डोळे काळे झाले, मग कपाळ, मग सगळंच.

ती दुकानात परतली. एक म्हातारा खोकल्याचं औषध घ्यायला उभा होता. बाटली हातात देऊन ती म्हणाली, "सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा."

म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. "काय म्हणलीस, लेकी? ऐकू आलं न्हाई."

तिनं परत सांगितलं. दुसऱ्या वेळीही आवाज फुटला नाही.