धरणाकाठी राहिलेलं आख्यान

ही घडलेली गोष्ट आहे. पटली नाही तर सोडून द्यावी. पण रत्नागिरीच्या हेमाकाकू देवाच्या कामात खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत.

सन २००२. कार्तिकातली लख्ख दुपार...

लांज्याच्या पुढे, आडवाटेला एक धरण आहे. काठावर आवळ्याची झाडं, बसायला बाकडी, पोरांना झोपाळे. काकू आणि त्यांचे यजमान भास्करबुवा तिथे आवळीभोजनाला गेले. सोबत शेजारच्या मालनताई.

बुवा नोकरी सांभाळून कीर्तनं करायचे. गळा असा, की ऐकणाऱ्याचं मन तुपासारखं पातळ व्हावं.

जेवणं झाली. मालनताई म्हणाल्या, आता देवाचं नाव होऊ दे. बुवा आवळीखाली उभे राहिले, पाण्याकडे तोंड करून. कीर्तनाचा पूर्वरंग असा रंगला, की चटणीचा डबा उघडाच राहिला.

तोवर गाडीची वेळ झाली.

आख्यान राहिलं. आरती राहिली. आरतीआधी कीर्तनातून उठू नये, हे काकूंना लहानपणापासून ठाऊक. तरी त्याच म्हणाल्या, आटपा, शेवटची एसटी आहे.

बुवा हलेनात.

“अगो, लोक बसलेत अजून.”

काठावर कोणी नव्हतं.

वारा पडलेला. पाखरंही गप्प...

मग पाण्याच्या बाजूने झांज वाजली. एकदाच. थांबलेल्या बुवांना कोणी हळूच आठवण करावी, तशी...

काकूंनी त्यांना हाताला धरून ओढत नेलं. गाडीत कंडक्टरने सांगितलं, त्या पाण्याखाली जुनी वाडी आहे. देवळासकट.

त्या दिवसापासून बुवांचा गळा गेला.

बोलणं नीट. पण कीर्तनाला उभे राहिले, की सूरच नाही. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही. बुवा कचेरीत जात, जेवत, झोपत. भिंतीवर टांगलेल्या झांजांवर धूळ चढली. काकूंना रडूही येईना. आत सगळं गार पडलेलं.

पुढच्या कार्तिकात काकू बुवांना पुन्हा तिथे घेऊन गेल्या, राहिलेलं आख्यान पुरं करायला. दोघंच.

बुवा आवळीखाली उभे राहिले. तोंड उघडलं, आणि सूर लागला.

आख्यान सुरू झालं. मध्येच ते थांबले.

“जरा सरकून बस. त्यांना जागा दे.”

काकू सरकल्या. बाजूला पाहिलं नाही. डाव्या खांद्याला ओल लागत होती...

शेवटी आरती झाली. काकूंनी ताट पुढे धरलं.

वारा नव्हता. तरी निरांजनाची ज्योत वाकली. सरळ झाली. पुन्हा वाकली... ओळीने कोणी हात फिरवत होतं.

बुवांचा गळा परत आला. कीर्तनं पुन्हा गाजू लागली. काकूंना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दुःखही नाही. पहिल्या रांगेत बसायचं, ऐकायचं, घरी यायचं.

गेल्या माघात देऊळ खच्चून भरलं होतं. मालनताई मागे खांबाला टेकून उभ्या. काकूंच्या शेजारी जागा होती. त्यांनी खुणेने बोलावलं, ताई आल्या नाहीत. परतताना काकूंनी विचारलं, का हो, उभ्याच राहिलात?

“बसू कुठे? तुमच्या शेजारी त्या दोघी होत्या ना, अंग चोरून बसलेल्या. लुगडी किती ओली होती हो त्यांची.”

काकूंनी डाव्या खांद्यावरचा पदर चाचपला.

उद्या एकादशी. बुवांचं कीर्तन आहे. काकू जाणार आहेत. कुठे बसायचं, ते मात्र अजून ठरत नाही...