जाण्याची वेळ ५.१०

त्या शनिवारी दादा, वहिनी आणि पाच वर्षांची ठकी तळ्यावरच्या तंबूतून संध्याकाळी सहाला सुखरूप घरी पोहोचले.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलेलं नाही.

घटना मात्र खरी आहे. दादा माझा मावसभाऊ. त्याला थाप मारता येत नाही. आजारपणाची रजा टाकली की तो खरोखर आजारी पडतो.

एका कार्यालयात तो आवक-जावक कारकून आहे. घराला चांगलं छप्पर असताना कापडाखाली झोपणं त्याला सुखातला जीव दुःखात घालण्यासारखं वाटायचं. पण ठकीने आठवडाभर भुणभुण लावली. वहिनी म्हणाली, एकच रात्र आहे, मेलात तर मी बघून घेईन. दादाने मान तुकवली.

शनिवारी चारला तळ्यावर पोहोचले. फाटकावर चौकीदाराची खोली, टेबलावर नोंदवही. दादाने नाव, माणसं, येण्याची वेळ लिहिली.

आणि जाण्याचीही. ५.१०.

ऑफिसात तो रोज सकाळीच सुटायची वेळ लिहून ठेवायचा. रिकामा रकाना त्याला बघवत नसे. हात सवयीने चालला.

तंबू उभा राहिला. वाकडा, पण उभा. ठकीची उशी घरीच राहिल्याचं कळलं, त्यावरून थोडं रडणं झालं.

पाच दहाला...

पाखरं गप्प झाली. सगळी, एकदम.

मग फाटकाकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सायलेन्सर खडखडत होता. वहिनी म्हणाली, अगदी आपल्या गाडीसारखी आहे. दादाने वळून पाहिलं. त्यांची गाडी झाडाखालीच होती.

अंधार पडल्यावर चौकीदार आला. तंबूत डोकं घातलं. टॉर्चचा उजेड तिघांच्या तोंडावरून फिरला...

कुठेच थांबला नाही.

"सात नंबरचा तंबू रिकामा आहे," तो फोनवर म्हणाला. "संध्याकाळीच गेले. मुलगी हात हलवत होती."

"अहो, आम्ही इथेच आहोत," दादा म्हणाला.

चौकीदाराने बाहेरून तंबूची चेन ओढून घेतली.

मग ठकीने हळूच विचारलं, "बाबा, आपण लपलोय का?"

"हो."

"मग आपल्याला शोधणार कोण?"

तंबू तिथेच टाकून ते निघाले. फाटकावर दादाने वही उघडली. ५.१० समोर तीन सह्या होत्या. एक त्याची, एक वहिनीची, आणि एक वाकडा ठ. ठकीला तेवढंच लिहिता येतं.

तिने वहीला हातही लावला नव्हता.

वहिनी म्हणाली, खोडून टाका. दादाने पेन उचललं, आणि ठेवलं. वरिष्ठांच्या सहीशिवाय नोंदीत खाडाखोड करायची नाही. वीस वर्षांत त्याने कधी केली नव्हती.

घरी पोहोचले तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. एरवी दहा मिनिटं सोडत नाहीत. त्या दिवशी दादाच्या खांद्याला घासून गेल्या, आणि थंडी वाजल्यासारखा पदर ओढून घेतला.

दाराला आतून कडी होती.

आत कोणीतरी हसत होतं. लहान मुलगी...

ठकीने दाराला कान लावला.

"बाबा," ती म्हणाली, "आत मी आहे."

हे सगळं मला कसं कळलं? परवा संध्याकाळी माझ्या घराच्या दाराखालून चार कागद आत सरकले. अक्षर दादाचं.

दादा तेव्हा माझ्यासमोर बसून चहा पीत होता. सांगत होता, सहल झकास झाली, पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ. तुलाही नेऊ. दादा, ज्याला गच्चीवरसुद्धा झोप येत नाही.

मी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. निदान मला दिसलं नाही.

शेवटचा कागद अर्जाचा आहे. खाली दोन सह्या आणि एक ठ. तो मी चौकीदाराकडे नेला. त्याने पाहिला आणि म्हणाला, यावर तर काहीच लिहिलेलं नाही.

मला वाचता येतं ते असं :

"विषय : जाण्याची वेळ दुरुस्त करणेबाबत. महोदय, शनिवारी ५.१० वाजता फाटकातून बाहेर पडलेले तिघे आम्ही नव्हतो. तरी त्यांना परत बोलावून घ्यावे व आम्हांस आमच्या घरी हजर धरण्यात यावे. ते शक्य नसल्यास, मुलगी लहान असल्याने, निदान तिची उशी दाराबाहेर ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."