नियाझीचं खोरं

त्या दिवशी सकाळपासून पान हललं नव्हतं. ऑगस्टची चौदावी, मंगळवार. आभाळ राखेच्या रंगाचं. समुद्राकडून दमट वाफ यायची आणि डोंगराला अडून तिथेच बसून राहायची. कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला जीभ टाकून पडलेली. असा दिवस आला की आमच्याकडचे जुने लोक म्हणायचे, आज कुणाला काही विचारू नये, कुणाला काही सांगू नये.

अशा दिवशी रैफ आपलं बेट दुभागणारी सीमा ओलांडून पलीकडे दक्षिणेत गेला. लिंबाचे डोळे आणायला.

रैफ तुम्हाला ठाऊक आहे, पोरांनो. ज्याच्या कुंपणावरून उड्या मारून तुम्ही लिंबं पळवता आणि जो बघून न बघितल्यासारखं करतो, तोच. मी आणि तो एका गावचे. तिकडचे, दक्षिणेतल्या त्रिपीतीचे. आता दिवे गेलेच आहेत, यायला वेळ आहे, तर सांगतो. हे मी पाहिलेलं नाही. त्याने मला एकदाच सांगितलं. माझ्या पदरचं त्यात काही घालणार नाही.

डोळा म्हणजे कलमाचा डोळा. रैफच्या बापाने लावलेलं लिंबाचं झाड तिकडे अजून फळतं. त्याचं एक कलम आपल्या अंगणात असावं, एवढंच मनात. डोळ्यांच्या काड्या पहाटे कापाव्या लागतात, उन्हं चढायच्या आत, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणाव्या लागतात. म्हणून रात्रीचा मुक्काम. आणि मुक्काम नेहमीप्रमाणे लोईझोसकडे.

लोईझोस ग्रीक, आम्ही तुर्क. रैफच्या घराला लागून त्याचं घर. रैफचा थोरला भाऊ नियाझी, लोईझोसच्या बरोबरीचा. दोघांनी एकाच गाढवावरून पडून एकाच दिवशी हात मोडून घेतलेले. लोक म्हणायचे, ह्यातला तुर्क कुठला आणि ग्रीक कुठला ते फक्त त्यांच्या आयांना कळतं.

मग चौऱ्याहत्तर साल आलं. उत्तरेत आपलं तुर्की सैन्य उतरलं, आणि तिकडे आमच्या गावात बंदूकवाले रात्री येऊन आमची जवान माणसं उचलून न्यायला लागले. लोईझोस नियाझीला म्हणाला, मी तुला रानातून इंग्रजांच्या छावणीपर्यंत पोचवतो, तिथे तुला कुणी हात लावणार नाही. तीही ऑगस्टची चौदावीच होती. त्या रात्री पाण्याची पाळी नियाझीची.

आता हे पाळीचं नीट ऐका. आमच्या गावात जमीन एकाची, झाडं दुसऱ्याची आणि पाणी तिसऱ्याचं, असंही चालायचं. पाणी वरच्या टाक्यातून पाटाने यायचं आणि प्रत्येक घराची पाळी ठरलेली. ज्याची पाळी, त्याने पाटाच्या तोंडाशी आपलं लांब दांड्याचं, पायाने दाबायचं खोरं उभं रोवायचं. ते उभं आहे तोवर पाणी त्याचं. बापाने हात लावायचा नाही, पाद्रीबाबाने नाही, इमामाने नाही. भांडणं पुष्कळ झाली आमच्यात, पण उभं खोरं कुणी उपटलं नाही.

लोईझोसनेच युक्ती काढली. खोरं रोवून ठेव, लोकांना वाटेल नियाझी दारं धरतोय, बागेला पाणी देतोय. तेवढ्यात आपण निघून जाऊ. नियाझीचं खोरं सगळ्या गावाला माहीत. दांडा ऑलिव्हच्या फांदीचा, वरच्या टोकाला वाकडा. आम्ही म्हणायचो, मालकाच्या नाकावर गेलाय.

नियाझी छावणीत पोचला नाही. लोईझोस सांगायचा, मी त्याला खिंडीच्या वर सोडलं. तिथून छावणीचे दिवे दिसत होते. त्याने वळून मला हात केला आणि उतरला. पुढचं देव जाणे. खोरं सकाळी जागेवर नव्हतं, कुणीतरी नेलं असेल.

त्या वळून केलेल्या हातावर रैफच्या आईने उरलेलं आयुष्य काढलं. आम्हा सगळ्यांना गाव सोडून उत्तरेत यावं लागलं, त्यानंतरही ती रात्री दाराला कडी लावू द्यायची नाही.

इकडे त्यांना राहायला घर मिळालं ते एका ग्रीकाचंच. सीमेवरचे नाके उघडल्यापासून तो घरमालक, हाम्बीस, दर उन्हाळ्यात येतो. अंजिराखाली बसतो. रैफला म्हणतो, तू माझ्या घरात राहतोस. रैफ म्हणतो, तिकडच्या माझ्या घरात तुझ्यातलेच कुणीतरी राहतात, जा आणि त्यांना उठव. मग दोघं हसतात, अंजिरं खातात, आणि जाताना हाम्बीस भिंतीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहतो. ते आपण बघायचं नसतं.

नाके उघडले त्याच आठवड्यात रैफ त्रिपीतीला गेला होता. लोईझोस दारातच गळ्यात पडला. त्याने ह्याला ह्याच्या बापाच्या बागेत नेलं. ती बाग सरकारने लोईझोसलाच कसायला दिली होती, पाण्याच्या पाळीसकट. तो म्हणाला, तुझ्या बापाचं एक झाड मी मरू दिलं नाही. रैफ रडला. त्या दिवसापासून त्याला दादा म्हणायला लागला. दुसरा दादा नव्हताच. आई गेली होती. रैफला आता एकच हवं होतं, नियाझी कुठे पडला ते कळावं, एखादं हाड मिळावं, आईच्या शेजारी पुरायला. प्रत्येक खेपेला तो लोईझोसला खिंडीची गोष्ट पुन्हा सांगायला लावायचा. आणि लोईझोस सांगायचा. शब्दही बदलायचा नाही.

तर त्या संध्याकाळी जेवणं झाली. रैफने आपल्याकडचं हेलिम नेलं होतं. लोईझोसची बायको अन्नू ते तव्यावर भाजता भाजता म्हणाली, तुमचं हेलिम आणि आमचं हलूमी, चीज तेच, मेंढी तीच, आणि नावावरून कोर्टात जातात मेले. लोईझोस हसला नाही. त्याचा गुडघा सुजला होता, पाय स्टुलावर.

पाण्याची पाळी त्याच रात्री होती. मुलगा परदेशी. लोईझोस काठी शोधायला लागला, तसा रैफ म्हणाला की दादा, बस तू, मी धरतो दारं. लहानपणी धरलीच आहेत.

अन्नूच्या हातातली थाळी थांबली.

"आजच्या दिवशी नको," ती म्हणाली. "उद्या मरियमचा सण आहे. एक रात्र पाणी गेलं तर गेलं."

"ऑगस्टात?" रैफ म्हणाला. "वहिनी, झाडं शिव्या देतील."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. लोईझोसने गुडघा चोळला. मग म्हणाला, जा. वरच्या वरच धर. खालच्या पाटाकडे जाऊ नकोस, तिकडे साप फार.

रैफ निघाला. खांद्यावर लोईझोसचं खोरं, हातात बॅटरी. चंद्र नव्हता. अमावास्या दोन-तीन दिवसांवर. पाटाचं तोंड त्याने अंधारातही ओळखलं. खोरं रोवलं. बारं मोडलं, म्हणजे पाटाच्या मातीच्या बांधाला तोंड पाडलं. पाणी बापाच्या झाडांकडे वळलं. तो म्हणतो, इतकं बरं वाटलं की मी पाण्याशीच बोललो.

मग तो झाडांची आळी बघत पुढे गेला. पाणी मागे मागे येत होतं. मग येईनासं झालं.

परत आला. खोरं आडवं पडलेलं. बारं बुजलेलं. आणि पाणी खाली चाललेलं, जुन्या पाटाने. तो पाट कोण जाणे कधीपासून बंद. काट्यांनी भरलेला.

डुकराचं काम असेल, त्याला वाटलं. त्याने माती ओढली, पाणी वळवलं, खोरं पुन्हा रोवलं. खोल रोवलं.

आळ्यापर्यंत गेला. पाणी थांबलं.

वळला.

माती कापल्याचा आवाज येत होता. चप... चप... सवयीच्या हाताचा. घाई नाही.

बॅटरी लावली. पेटली नाही.

पाटावर माणूस होता. पाठमोरा. वाकलेला. डावा पाय खोऱ्यावर. आमच्या गावात डाव्या पायाने खोरं एकच माणूस दाबायचा.

रैफने हाक मारली.

"कोण आहे?"

चप... चप...

"कुणाची पाळी आहे रे?"

आवाज थांबला. माणूस सरळ झाला. वळला नाही.

"दादा...?"

बेडूक गप्प झाले होते. पाण्याचाही आवाज नाही. त्या माणसाने हात वर केला. हळू. रैफला वाटलं, हाच तो हात, आईला सांगितलेला. पण तो निरोपाला हलला नाही. खाली वळला. खालच्या पाटाकडे. बोट तिकडे. तिथेच राहिलं.

मग तिथे अंधारच होता.

रैफ खाली गेला. पाण्याबरोबर. काटे लागले, कळले नाहीत. पाट जिथे संपतो तिथे जुनी विहीर. आमच्या लहानपणी तिच्यात बादली सोडायचो. आता दगडांनी भरलेली. काठोकाठ. कुणी इतके दगड वाहिले असतील, आणि का...

पाणी त्या दगडांत शिरत होतं. आणि विहीर भरत नव्हती.

तो काठावर बसला. पाणी जात राहिलं. खूप खाली कुठेतरी ते पडत होतं... कुणीतरी तहानेने पीत असल्यासारखं.

तिथून खिंड दिसते का, मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, नाही. खिंड उलट्या बाजूला आहे. त्रिपीतीच्या कुणालाही विचार, छावणीकडे जाणारा माणूस विहिरीकडे उतरतच नाही. त्याला तिथे आणावं लागतं.

पुढचं नंतरचं आहे, पण आत्ताच सांगून टाकतो. त्या थंडीत बेपत्ता माणसं शोधणारी मंडळी आली, दोन्हीकडची. दगड काढले. आईच्या शेजारी आता नियाझीची कबर आहे. का केलं ते लोईझोसने कुणालाही सांगितलं नाही. घाबरून केलं, कुणाच्या धाकाने केलं, बागेसाठी केलं, ते त्याच्याबरोबर जाईल. कलमाच्या काड्या रैफने आणल्याच नाहीत. म्हणून त्याच्या अंगणात ती मोकळी जागा आहे, तुम्ही विचारता ना, तिथे काही का लावत नाही. मला तो एवढंच म्हणाला, शत्रूने मारलं असतं तर मी केव्हाच झोपलो असतो रे. इतकी वर्षं मी त्याच्या हातची कॉफी प्यायलो.

पण त्या पहाटे अजून काहीच उघडलं नव्हतं. कोयतीसारखा चंद्र डोंगरावर आला, झुंजूमुंजू झालं, आणि रैफ वर पाटाच्या तोंडाशी परतला.

लोईझोसचं खोरं बाजूला गवतात पडलं होतं. पाटाच्या तोंडाशी दुसरं उभं होतं. दांडा ऑलिव्हचा. वरच्या टोकाला वाकडा.

इतकी वर्षं मातीत राहिलेलं लोखंड काय उरतं, तुम्हीच सांगा. गंजाचा भुगा. ह्याचं पातं कालच धार लावल्यासारखं लखलखत होतं. ते खोरं आज रैफच्या पडवीत आहे. मी हात लावून पाहिलंय. त्याने ते कधी वापरलेलं नाही, कधी धुतलेलं नाही, आणि पात्यावरची माती आजतागायत ओली आहे.

मागे काठीचा आवाज झाला. लोईझोस आला होता, सुजलेल्या गुडघ्याने, रात्रीच्याच कपड्यांत. अन्नू दूर कुंपणाशी, डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून. लोईझोसने पाणी कुठे चाललंय ते पाहिलं. मग खोरं पाहिलं. त्याने विचारलं नाही, हे कुठून आलं. कुणाचं आहे तेही विचारलं नाही.

रैफने वाकड्या दांड्याला हात घातला. उपटायला.

तेव्हा लोईझोस, त्याचा शेजारी, ज्याला तो दादा म्हणायचा, अगदी हळू बोलला.

"उपटू नकोस, रैफ. त्याची पाळी मीच अर्ध्यावर तोडली होती."