मधली एकोणीस झाडं

मोजदाद केली तेव्हा चौसष्ट झाडं होती. सत्तावीस तांब्याच्या तारेची, जळालेल्या पंख्याच्या मोटारीतून सोडवलेल्या. अठरा प्लास्टिकची, रिकाम्या पडलेल्या माशांच्या टाकीतली. आणि एकोणीस बाटल्या धुवायच्या ब्रशांची. दांडे कापून, केस कातरून हिरव्या रंगात बुडवलेली. जमीन म्हणजे फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, नव्वद सेंटिमीटर बाय साठ. त्यावर वाळवलेला चहाचा चोथा आणि सगळ्यात वर चाळलेल्या भुशाचा मऊ थर. एवढ्यात विकत आणलेलं काय, तर ब्रश.

हे जंगल धाकटीने दादासाठी केलं होतं. दादा लिफ्टचा मिस्त्री. सात महिन्यांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरून तो लिफ्टच्या खड्ड्यात पडला. जीव वाचला, डावा पाय मात्र नावापुरताच परत मिळाला. त्याआधी दर रविवारी मित्रांबरोबर टेबलावर लढाया खेळायचा. चिमुकले रंगवलेले सैनिक, फासे, मोजपट्टी आणि दिवसभराची आरडाओरड. आता मित्र यायचे, दहा मिनिटं पायाकडे बघायचे आणि जायचे. त्यांना बसवून ठेवायला काहीतरी हवं होतं.

धाकटी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सैनिक अठ्ठावीस मिलिमीटरचा, माणूस एकशे अडुसष्ट सेंटिमीटरचा. म्हणजे टेबलावरचं जग साठपट लहान. पुठ्ठ्याच्या कडेला तिने बारीक अक्षरात लिहून टाकलं: एकास साठ.

"मापाडीबाई," दादा म्हणाला, "माझ्या पायाचंही लिहा कुठेतरी."

तेही लिहिलेलं होतंच. फिजिओबाईंनी सांगितलं होतं, रोज सहा मिनिटं चालायचं आणि अंतर नोंदवायचं. चारशे मीटर झाले की कामावर जा. घराबाहेरचा व्हरांडा बारा मीटरचा. उजव्या हातात काठी धरून, डावा पाय ओढत दादा अकरा फेऱ्या मारी. एकशे बत्तीस मीटर. पाऊल दीड फरशीचं, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर.

"मधली झाडं चिकटवू नकोस हं," ती ब्रशांचं दाट रान लावत होती तेव्हा त्याने बजावलं. "जंगल करणाऱ्याने हात आत जायची सोय ठेवायची असते. गडी आत अडकला तर काढणार कशाने, चिमट्याने?"

"तुझी काठी टेबलाला लागते आणि सगळी आडवी होतात. दिवसातून चार वेळा मीच उभी करते."

"होऊ देत आडवी."

तिने चिकटवली. लाकडाच्या गोंदाने, एकोणीसच्या एकोणीस, मधल्या मोकळ्या जागेभोवती गोल. तिच्या करंगळीलाही आत वाट राहिली नाही. दादाने तोंड वाकडं केलं, पण संध्याकाळी टेबलावर हनुवटी टेकून बराच वेळ आत बघत बसला.

"डोळ्यांच्या रेषेत बघितलं ना, की फार लांबवर जातं गं हे. व्हरांड्यात खेटे घालण्यापेक्षा इथे फिरलेलं बरं."

"कुठेही फिर," धाकटी वहीतून मान वर न करता म्हणाली. "चाल म्हणजे झालं."

गुरुवारी सकाळी भुशात नऊ खळगे दिसले. दादा बसायचा त्या कडेपासून सुरू होऊन आत गेलेले. झुरळ, तिने ठरवलं. जंगलावर जुनी मच्छरदाणी घातली, चारही बाजूंना जाड पुस्तकं ठेवली. शुक्रवारी खळगे वाढले होते आणि पुस्तकं जागची हललेली नव्हती. तिने प्रयोगशाळेतून भिंग आणलं. प्रत्येक खळगा साडेचार मिलिमीटर लांब, एका टोकाला किंचित रुंद. डावीकडच्या दोन खळग्यांच्या मध्ये पुसटशी रेघ, काहीतरी ओढत नेल्यासारखी. उजव्या बाजूला, ठरावीक अंतराने, सुईच्या टोकाएवढं एकेक भोक.

त्या दिवशी दादाने सोळा फेऱ्या मारल्या.

"औषध लागू पडलं," आई म्हणाली.

शनिवारी एकवीस. रविवारी सत्तावीस. मित्र आले, पण दादा खेळायला बसला नाही. भिंतीशी ताठ उभा राहून सगळ्यांकडे बघत राहिला. मित्रांपैकी एकाने चेष्टा केली, "काय रे, पाय बरा झाला आणि जीभ गेली का?" तेव्हा इतरांचं बघून, थोडा उशिरा, तोही हसला. भुशातली वाट तोवर तारेची झाडं ओलांडून ब्रशांच्या रानात शिरली होती. बाहेर येणारी वाट धाकटीने चारही कडांना शोधली. नव्हती.

सोमवारी काठी दाराआड पडून होती. डावा पाय आता घासत नव्हता. चौतीस फेऱ्या: चारशे आठ मीटर. पाऊल सहासष्ट सेंटिमीटर. आईने डोळ्यांना पदर लावला.

"आणि बघ ना, पहिल्या हाकेला ओ देतो हल्ली. पूर्वी घसा बसायचा माझा."

धाकटीने चारशे आठ हा आकडा वहीत लिहिला. ज्या आकड्यासाठी इतके महिने मिनिटं मोजली तो आकडा. त्याखाली रेघ मारायला तिचा हात उचलला नाही.

तिने एक न रंगवलेला सैनिक आणि बारीक ब्रश त्याच्यापुढे ठेवला. डोळे मिटून सैनिकांच्या भुवया रंगवणारा दादा त्या ब्रशाकडे बघत राहिला.

"याचं काय करायचं?"

"दादा, तू मला काय म्हणतोस?"

"म्हणजे?"

"चिडवताना. काय म्हणतोस?"

"आठवत नाही. चारशे झाले ना?" मग टेबलाकडे बोट करून म्हणाला, "हे टाकून दे. जागा अडते. उद्या सकाळी कचरागाडी आली की मी नेऊन देतो."

"बरोबर बोलतोय तो," आई आतून म्हणाली. "धूळ किती होते त्या भुशाने."

तो व्हरांड्यात गेल्यावर धाकटीने विजेरी घेतली, गुडघ्यावर बसली आणि टेबलाला हनुवटी टेकली. ब्रशांचे केस आतल्या बाजूला वळलेले होते, शिरायला वाट देणारे, परतायला नाही; त्यांच्यामधून उजेड आत गेला.

मधली मोकळी जागा तुडवली गेली होती. गोल गोल, एकावर एक, भुसा दाबून चोथा वर आलेला. एका झाडाच्या बुडाशी वाळलेल्या गोंदात तशीच सुईच्या टोकाएवढी भोकं होती. तिने मोजली. एकेचाळीस. सगळी आतल्या बाजूने.

"दादा," ती म्हणाली, अगदी हळू, श्वासाने भुसा उडणार नाही इतक्या बेताने.

पुठ्ठा कापायच्या कटरने तिने ते झाड बुडातून कापलं. मग त्याच्या शेजारचं. मोठं व्हायला हवं होतं ते दार, म्हणून तिसरंही. उरली एकसष्ट. बाहेरच्या भागावर तिने हलक्या हाताने चाळणीतून नवा भुसा पेरला, मच्छरदाणी काढून टाकली आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

मंगळवारी सकाळी ती आत आली.

तीन झाडांच्या फटीतून वाट बाहेर आली होती. खळग्यापासून खळग्यापर्यंत साडेसात मिलिमीटरचं पाऊल. गुणिले साठ, पंचेचाळीस सेंटिमीटर. डावीकडे रेघ, उजवीकडे भोक. एकदाही न थांबता, न वळता, दादा बसायचा त्या कडेकडे.

खाली गल्लीत कचरागाडीची घंटा वाजली.

दार उघडलं. तो थेट टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि पुठ्ठ्याची दोन टोकं दोन हातांत धरली.

"उचलू?"

"थांब."

"किती वेळ?"

"मोजून होईपर्यंत."

तो थांबला. हात मात्र काढले नाहीत.

तिने भिंग डोळ्याला लावलं. शेवटचे दोन खळगे शेजारी शेजारी होते, बोटं बाहेरच्या बाजूला. पुठ्ठ्याच्या कडेपासून दोन मिलिमीटरवर. त्यापुढे काही नव्हतं.

तिने मोजपट्टी कडेला लावून खाली फरशीपर्यंत सोडली.

चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. गुणिले साठ, चव्वेचाळीस मीटर चाळीस. म्हणजे चौदा मजले.